डोके हलवून गेम खेळताना कर्सर भलतीकडे पळतो? आधी हे तपासा

मागच्या रमजान ईदच्या सुट्टीत पाथरी तालुक्यातल्या एका घरातून आम्हाला फोन आला. त्यांच्या बारा वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. हात त्याचे ऐकत नाहीत, पण मान चांगली वळते. भावंडांबरोबर त्यालाही गेम खेळता यावा म्हणून मामूंनी लॅपटॉपवर डोक्याने चालणारा माऊस बसवून दिला. सकाळी झकास चालला. असरनंतर मात्र कर्सर कोपऱ्यात जाऊन बसला तो हलेचना. अब्बूंनी सॉफ्टवेअर दोनदा काढून पुन्हा टाकले आणि शेवटी म्हणाले, "सर, पोराच्या मानेतच जोर नाही, राहू द्या." आम्ही जाऊन पाहिले तर मुलाच्या पाठीमागे पश्चिमेची खिडकी. ऊन थेट कॅमेऱ्यात येत होते आणि चेहरा काळा पडला होता. लॅपटॉप दुसऱ्या भिंतीकडे फिरवला, बस्स.

हेड ट्रॅकिंग म्हणजे साधा वेबकॅम चेहऱ्यावरच्या खुणा पाहून डोके किती हलले याचा अंदाज घेतो. याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात डोके माऊसचे काम करते. अमेरिकेतल्या बोस्टन कॉलेजात तयार झालेला कॅमेरा माऊस आणि एनेबल व्हायाकॅम ही त्याची मोफत उदाहरणे. गूगलने २०२३ मध्ये आणलेले गेमफेस याच जातीचे. स्नायूंचा आजार असलेले गेमर लान्स कार यांच्यासोबत ते तयार झाले, आणि पुढे त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीच्या कामात भारतातली इन्क्लुझा ही संस्थाही होती. दुसऱ्या प्रकारात डोके गेममधली नजर फिरवते. ट्रक किंवा विमान चालवण्याच्या गेममध्ये आरसा, खिडकी पाहायला हे लागते. त्यासाठी ओपनट्रॅक हे मोफत सॉफ्टवेअर चालते.

कुठलाही प्रकार असो, आकडे बदलण्याआधी उजेड पाहा. दिवा किंवा खिडकी समोर हवी, पाठीमागे नको. उजेड कमी पडला की कॅमेरा एकेक चित्र जास्त वेळ घेतो, मग सेकंदाला ३० ऐवजी १५च चित्रे मिळतात आणि हालचाल अडखळते. लोक याला लॅपटॉप स्लो झाला म्हणतात. लाइट जाऊन इन्व्हर्टरवरचा एकच बल्ब उरला की हेच होते, त्यात लॅपटॉपचा दोष नाही. ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसत असतील तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ६० हर्ट्झच्या जागी ५० करा; आपली वीज ५० हर्ट्झची आहे.

मग कॅमेऱ्यात काय दिसते ते पाहा. मागे दुसरे भावंड उभे असेल किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरवर चेहरा असेल तर सॉफ्टवेअर कधी कधी तोच पकडते. टोपी, हिजाबने अडचण येत नाही, कारण चेहरा मोकळा असतो. नकाबमध्ये नाक-तोंड झाकले जाते, तिथे चेहरा ओळखणारी सॉफ्टवेअर गडबडतात. अशा वेळी कॅमेरा माऊस बरा. त्यात कुठली खूण धरायची ते आपणच क्लिक करून सांगतो. दोन भुवयांच्या मधली जागा किंवा चष्म्याची दांडी चालते. चित्रच येत नसेल तर व्हिडिओ कॉलचे ॲप मागे चालू आहे का आणि विंडोजच्या प्रायव्हसीमध्ये कॅमेऱ्याची परवानगी दिली आहे का, ते बघा.

ओपनट्रॅकमध्ये एक सोपी कसोटी आहे. 'स्टार्ट' दाबल्यावर एक गुलाबी ऑक्टोपस दिसतो. आपण मान वळवली की तोही वळला पाहिजे. तो नीट वळतो पण गेम हलत नाही, म्हणजे कॅमेरा ठीक आहे आणि बिघाड पुढे आहे. तेव्हा आउटपुटला 'फ्रीट्रॅक' निवडलेय का आणि गेममध्ये हेड ट्रॅकिंगचा पर्याय चालू आहे का ते पाहा. एक प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून आणि दुसरा साधा चालवला तरीही जोडणी होत नाही. ऑक्टोपसच थरथरतो किंवा अडकतो, तर परत उजेडाकडे जा.

नजर एका बाजूला सरकून राहते ही सर्वात जास्त येणारी तक्रार. तिचे कारण बहुधा 'सेंटर' असते. नेहमी बसतो तसे बसा, पडद्याच्या मध्यावर पाहा आणि सेंटरचे बटण दाबा. त्यासाठी एक की ठरवून ठेवा, कारण खुर्ची वीतभर सरकली तरी पुन्हा सेंटर करावे लागते. उजवीकडे वळल्यावर डावीकडचे दिसते? त्या अक्षाच्या 'इन्व्हर्ट'वर टिक करा.

आता वक्ररेषा, म्हणजे 'मॅपिंग'. मान ९० अंश वळवली तर पडदाच दिसणार नाही. म्हणून मान ३० अंश वळली की गेममध्ये ९० अंश दिसावे, अशी रेषा आखतात. सुरुवातीचे दोन-तीन अंश सपाट ठेवा, म्हणजे श्वास घेतल्यावरही नजर डुलणार नाही. थरथर उरली तर 'ॲक्सेला' फिल्टरचे स्मूदिंग वाढवा, पण थोडे थोडे. जास्त केले की नजर मागे रेंगाळते आणि ट्रक दुभाजकावर चढतो. (हे आमच्याच घरी झाले, पोरे अजून हसतात.)

डोक्याच्या माऊससाठी हिशेब वेगळा. एनेबल व्हायाकॅममध्ये आडवा आणि उभा वेग वेगवेगळा ठरवता येतो. ज्या मुलाची मान वर-खाली कमी जाते त्याचा उभा वेग वाढवा. मानेला झटके येत असतील तर वेग कमी करा, स्मूदनेस वाढवा. कर्सर एका जागी थांबला की आपोआप क्लिक होते. हा थांबण्याचा वेळ सुरुवातीला लांब ठेवा. आणि सेटिंग मुलाला बसवून करा, मोठ्यांनी स्वतःच्या मानेवर केलेले त्याला लागू पडत नाही. एका वेळी दहा-पंधरा मिनिटे पुरेत. मान दुखते म्हणाला तर थांबा आणि त्याच्या फिजिओथेरपिस्टला विचारा.

जमलेले आकडे वहीत लिहून ठेवा. ओपनट्रॅकमध्ये ते प्रोफाइल म्हणून साठवताही येतात. पाथरीच्या त्या घरात लॅपटॉपशेजारी आता दोन चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत: एक सकाळच्या जागेची, एक असरनंतरच्या. दुसरी मुलाने सांगून बहिणीकडून लिहून घेतली आहे.