प्रादेशिक अधिकारक्षेत्र

३. प्रादेशिक अधिकारक्षेत्र म्हणजे एखाद्या भूभागात घडलेल्या गुन्ह्याची दखल घेण्याचा तेथील न्यायालयाचा अधिकार. अमेरिकेत प्रत्येक घटकराज्याचा फौजदारी कायदा स्वतंत्र असून, एका राज्याला केवळ दुसऱ्या राज्यात घडलेल्या गुन्ह्याबद्दल शिक्षा देता येत नाही; त्यामुळे कृत्य एका राज्यात आणि त्याचा परिणाम दुसऱ्या राज्यात घडल्यास अधिकार कोणाचा, हा प्रश्न तेथे वारंवार उपस्थित होतो. ‘स्ट्रॅसहाइम विरुद्ध डेली’ (१९११) या खटल्यात शिकागोतील आरोपीवर मिशिगन राज्याला जुनी यंत्रे नवी म्हणून विकल्याचा आरोप होता. राज्याबाहेर केलेले कृत्य राज्यात अपाय घडवण्याच्या हेतूने केलेले असेल आणि तसा अपाय प्रत्यक्षात घडला असेल, तर कर्ता ताब्यात आल्यावर राज्य त्याला शिक्षा करू शकते, असा निर्वाळा न्या. होम्स यांनी त्यात दिला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही ‘मोबारिक अली अहमद विरुद्ध मुंबई राज्य’ (१९५७) या खटल्यात, कराचीत राहून तांदळाच्या व्यवहारात मुंबईत फसवणूक करणाऱ्या पाकिस्तानी नागरिकाची शिक्षा कायम केली. कृत्याच्या किंवा परिणामाच्या ठिकाणी खटला चालवण्याची तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९९ मध्ये आहे.