दोन वजाचिन्हांचा इतिहास

१/ १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. कारंजा तालुक्यातील धनज नव्या जिल्ह्यात आले. एके काळी तलाठ्याच्या दप्तरात असलेला तेथील सातबारा आज डेटाबेसमध्ये आहे. दप्तर बदलले, तसा धोकाही बदलला.

२/ त्याच १९९८ च्या डिसेंबरात ‘फ्रॅक’ या नियतकालिकात जेफ फॉरिस्टल यांनी दाखवले, की माहितीच्या रकान्यात आज्ञा लिहून डेटाबेसला फसवता येते. पुढे यास ‘एसक्यूएल इंजेक्शन’ हे नाव मिळाले.

३/ उपाय ठरला: माहिती आणि आज्ञा वेगळ्या ठेवणे. हे काम बहुधा ड्रायव्हर पाहतो. तो प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यातील दुभाषा.

४/ फेब्रुवारी २०२४ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएलच्या जावा ड्रायव्हरमध्येच त्रुटी उघड झाली. ‘सिंपल’ पद्धत निवडलेली असताना आज्ञेतील वजाचिन्हापुढे ऋण संख्या आली, की ‘--’ तयार होई. एसक्यूएलमध्ये तेथून ओळीचा उरलेला भाग टीप ठरतो. त्याच ओळीतील पुढच्या मजकुराचे सुरुवातीचे अवतरणचिन्ह त्यात गडप होई आणि मजकुराची दुसरी ओळ आज्ञा म्हणून चाले.

५/ सीव्हीई-२०२४-१५९७. तीव्रता १० पैकी १०. दुरुस्ती ४२.७.२ या आवृत्तीत झाली. म्हणून ड्रायव्हरची आवृत्ती १९९९ पासूनच्या सीव्हीई यादीशी नियमित ताडून पाहावी. पहारेकऱ्याचीही झडती घ्यावी लागते, हाच या इतिहासाचा धडा.