मागे राहिलेले पिल्लू आणि औषधाची चिमूट



पन्नास पिल्ले आणली की महिन्याच्या आत त्यांतली चार-पाच मागे पडलेली दिसतात. बाकीची पंख फुटून उड्या मारत असतात आणि ही आपली पंख पाडून कोपऱ्यात बसलेली. मग घरातले कोणीतरी बाजारातून औषधाची पुडी आणते आणि चिमूटभर पाण्यात टाकते. पुष्कळदा ही पुडी प्रतिजैविकाची, म्हणजे अँटिबायोटिकची असते. ही चिमूट पिल्लांच्या भांड्यात आली कशी? हा इतिहास काही फार जुना नाही, पाऊणशे वर्षांचा आहे. तो ऐकला म्हणजे पुडी सोडण्याआधी हात जरा थांबेल.

गोष्ट अमेरिकेतली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिकडे मासळीच्या भुकटीची टंचाई झाली. कोंबड्या पाळणाऱ्यांनी मग सोयाबीनच्या पेंडीवर भागवायचे ठरवले. प्रथिनांचा हिशेब कागदावर बरोबर बसत होता, पण पिल्ले काही वाढेनात. अशा निव्वळ वनस्पतींच्या खाद्यावर ठेवलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांतून निघालेली पिल्ले तर जन्मापासूनच अशक्त. मासळीत आणि कलेजीत असे काहीतरी होते की जे पेंडीत नव्हते. ते काय, याचा पत्ता लागेना. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला ‘प्राणिज प्रथिन घटक’ असे कामचलाऊ नाव देऊन ठेवले.

बेल्ट्सव्हिल या गावी अमेरिकी सरकारचे शेती संशोधन केंद्र आहे. तिथल्या रुबिन आणि बर्ड या दोघांनी सोयाबीनवर वाढणाऱ्या पिल्लांच्या खाद्यात गाईचे वाळवलेले शेण मिसळून पाहिले, आणि पिल्ले वाढीला लागली! शेणात पिल्लांच्या वाढीचे काही सत्त्व आहे, हे त्यांनी १९४६ साली छापून प्रसिद्ध केले. आपल्याकडच्या आजीबाईला हे सांगितले तर ती म्हणेल, “यात नवं काय? माझी कोंबडी रोज उकिरडाच उकरती की.” तिचे म्हणणे खरेच आहे. उकिरड्यावर कोंबडीला दाण्याबरोबर किडामुंगी मिळते आणि शेणातल्या सूक्ष्म जंतूंनी तयार केलेले हे सत्त्वही मिळते. (म्हणून कोणी खाद्यात शेण कालवू नका. त्यातून जंत आणि रोगही येतात.)

१९४८ साली अमेरिकेत आणि इंग्लंडात, जवळजवळ एकाच वेळी, हे सत्त्व कलेजीतून वेगळे काढण्यात आले. लाल रंगाचे बारीक स्फटिक होते ते. त्यालाच आज आपण ब-१२ जीवनसत्त्व म्हणतो. माणसाच्या एका जीवघेण्या पंडुरोगावरही तेच औषध ठरले. म्हणजे बघा, खुरटलेल्या पिल्लाचा आणि आजारी माणसाचा इलाज एकच निघाला.

पण कलेजीचा अर्क पडला महाग. हेच सत्त्व स्वस्तात कुठून मिळेल, याचा शोध सुरू झाला. न्यूयॉर्क राज्यात लेडर्ले नावाच्या औषध कंपनीत टॉमस ज्यूक्स आणि स्टोकस्टॅड हे दोन शास्त्रज्ञ काम करत होते. त्याच कंपनीत ऑरिओमायसिन हे नवे प्रतिजैविक तयार होत असे. मिसुरीच्या मातीत सापडलेल्या एका जंतूपासून ते काढत. औषध काढून घेतल्यावर जो चोथा उरे, त्यात ब-१२ असणार असा ज्यूक्स यांचा अंदाज होता. त्यांनी पिल्लांचे वेगवेगळे गट केले. काही गटांना कलेजीचा अर्क कमी-जास्त प्रमाणात दिला, तर काहींना हा चोथा. १९४८ च्या डिसेंबरात वजने केली, तेव्हा चोथा खाणारी पिल्ले भरपूर अर्क खाणाऱ्या पिल्लांच्याही पुढे गेलेली निघाली. नुसत्या ब-१२ मुळे एवढे होणे शक्य नव्हते. चोथ्यात जे थोडे प्रतिजैविक शिल्लक राहिले होते, ही त्याची करामत होती.

१९५० साली ही बातमी जाहीर झाली आणि मग काय विचारता! १९५१ साली अमेरिकी सरकारने खाद्यात प्रतिजैविके घालायला परवानगी दिली. डॉक्टरच्या चिठ्ठीचीही गरज ठेवली नाही. पिल्लू आजारी असो वा नसो, टनभर खाद्यात थोडेसे औषध घालायचे, की झाले. हळूहळू ही रीत जगभर पसरली. व्यापारी म्हणत हे खाद्यच आहे. शेतकरी म्हणत हे औषध आहे. पिल्ले भराभर वाढत होती, म्हणून कोणी वाद घातला नाही.

पिल्ले वाढतात का, हा प्रश्न मात्र काही जणांच्या डोक्यात घोळत राहिला. इंग्लंडात रेडिंग शहराजवळच्या दुग्धव्यवसाय संशोधन संस्थेत मेरी कोट्स आणि त्यांच्या सोबत्यांनी १९५१-५२ च्या सुमारास एक साधाच प्रयोग केला. पिल्लांचे काही गट नेहमीच्या जुन्या खोल्यांत ठेवले. तिथे कोंबड्यांच्या पिढ्यान् पिढ्या वाढलेल्या होत्या. दुसरे काही गट कोंबडीचा पायही न लागलेल्या स्वच्छ खोल्यांत ठेवले. दोन्हीकडे काहींना पेनिसिलिन घातलेले खाद्य दिले, काहींना बिनऔषधी. जुन्या खोलीत पेनिसिलिनने पिल्लांची वाढ सुधारली. नव्या स्वच्छ खोलीत मात्र पेनिसिलिनचा काही फायदा दिसला नाही. तिथली पिल्ले औषधावाचूनही चांगलीच वाढत होती.

आमच्या मते या सबंध इतिहासात शेतकऱ्याच्या कामाचा प्रयोग हाच. औषध पिल्लाला वाढवत नव्हते, तर जुन्या जागेतले जंतू जी वाढ खुंटवत होते, ती मोकळी करत होते. ते काम केरसुणी आणि चुना यांनीही होते. पण पुडी टाकणे सोपे आणि खुराडे खरवडणे कष्टाचे, म्हणून जग पुडीच्या मागे गेले.

त्याची किंमत पुढे कळली. अमेरिकेत बोस्टन शहराजवळ डॉ. स्टुअर्ट लेव्ही यांनी १९७० नंतरच्या दशकात एका शेतकरी कुटुंबाकडे तीनशे पिल्ले ठेवली. निम्म्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन जातीचे प्रतिजैविक थोड्या प्रमाणात घातले. आठवड्याभरात त्या पिल्लांच्या आतड्यांतले जवळजवळ सगळे जंतू असे झाले की त्या औषधाला दाद देईनात. मग ही चाल माणसांपर्यंत आली. पाच-सहा महिन्यांनी त्या घरातल्या माणसांच्या शौचाच्या नमुन्यांपैकी ३१ टक्क्यांहून अधिक नमुन्यांत औषधाला न जुमानणारेच जंतू बहुसंख्येने होते. शेजाऱ्यांच्या घरी हे प्रमाण ७ टक्क्यांच्या आत होते. त्या माणसांनी औषध घेतले नव्हते. ते फक्त कोंबड्या सांभाळत होते. १९७६ साली ही माहिती प्रसिद्ध झाली.

अशा जंतूंनी पोराबाळांना ताप किंवा जखमेचा पू झाला तर दवाखान्यातले तेच औषध चालत नाही, आणि भीती आहे ती याचीच. स्वीडनने १९८६ साली वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालणे बंद केले. सबंध युरोपीय संघाने २००६ पासून बंद केले. आपल्या भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन या औषधाचा कोंबड्यांसाठी आणि खाण्यासाठी पाळलेल्या इतर जनावरांसाठी वापर बंद केला. माणसावर दुसरे काही चालत नाही तेव्हा डॉक्टर जे शेवटचे औषध काढतात, त्यांतले हे एक आहे. आणि ते कोंबडीच्या खाद्यात घातले जात होते!

आता तुमच्या कोपऱ्यात बसलेल्या पिल्लांकडे वळू. आधी ती खरोखरच मागे आहेत का, ते पाहा. गावरान आणि ब्रॉयलर पिल्ले एकत्र सोडून तुलना करू नये. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७, १९७८ आणि २००५ सालच्या वाणांची पिल्ले एकच खाद्य देऊन वाढवली होती. छप्पन्न दिवसांनी त्यांची सरासरी वजने अनुक्रमे ९०५, १८०८ आणि ४२०२ ग्रॅम भरली. म्हणजे नुसत्या वाणाने चौपटीहून जास्त फरक पडतो. तलंगाही नरांपेक्षा हळू वाढतात. तो काही आजार नव्हे.

एकाच वाणाची, एकाच दिवशी निघालेली पिल्ले मागे पडत असतील तर मात्र जागा तपासा. खालचा तूस मुठीत दाबून पाहा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर तूस ओला आहे. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू माजतात. असा तूस काढून कोरडा घाला. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब हवी, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत जावे. पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर चढत असतील तर थंडी आहे. चोच उघडी टाकून लांब पळत असतील तर ऊब जास्त झाली. खाद्याची भांडी कमी असली की दांडगी पिल्ले कमजोरांना चोची मारून हाकलतात आणि मागचे आणखी मागे पडते. म्हणून भांडी वाढवा. कमजोर पिल्ले वेगळ्या डालग्यात ठेवा आणि त्यांना खाद्य-पाणी जवळ द्या. खाद्य घरी बनवत असाल तर नुसत्या मक्यावर आणि पेंडीवर थांबू नका. सुकी मासळी कुटून त्यात घाला किंवा जीवनसत्त्वांचे तयार मिश्रण घ्या. अंड्यांवर बसवायच्या कोंबडीलाही हेच द्या, कारण पिल्लू पहिले दिवस आईने अंड्यात भरून दिलेल्या शिदोरीवर काढते.

एक तुकडी विकली की लगेच दुसरी आणू नका. जुना तूस सगळा काढा, जमीन खरवडा, चुना मारा आणि जागा काही दिवस उन्हा-वाऱ्याला मोकळी ठेवा.

आठवड्यातून एक वार ठरवा. त्या दिवशी सकाळी खाद्य घालण्याआधी दहा पिल्ले तागडीत घालून वजन वहीत लिहा. वेगळ्या काढलेल्या पिल्लांचे वजन दोन आठवड्यांत वाढले नाही, किंवा विष्ठेत रक्त दिसले, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. एखादे मेलेले असेल तर तेही फेकू नका, पिशवीत घालून लगेच तपासणीला न्या. डॉक्टरांनी प्रतिजैविक लिहून दिले तर ते सांगितले तितकेच दिवस आणि तितक्याच मापाने द्या, आणि औषध संपल्यावर किती दिवस ती कोंबडी व तिची अंडी विकायची नाहीत, हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या.