क्रियापद झालेला क्लब

डिसेंबर २०२०. लॉकडाऊन अर्धवट उठलेला, डायनिंग टेबलावर ऑफिस, माझी पहिलीच नोकरी. शनिवारी रात्री आमचा रिलीज होता. सगळ्या टेस्ट पास झाल्या, डेटाबेसचं काम निर्धोक पार पडलं, ग्रुपवर टाळ्यांचे इमोजीही येऊन गेले. आणि शेवटच्या पाच मिनिटांत एक सर्व्हिस काही केल्या उठेना. पहाटे चार वाजता सगळं रोलबॅक केलं.

क्लायंटच्या टीममध्ये मेक्सिको सिटीतला एक इंजिनिअर होता. त्याने चॅटवर एकच स्पॅनिश शब्द टाकला. मी ट्रान्सलेटरमध्ये टाकून पाहिला, काही कळेना. विचारलं तेव्हा म्हणाला, "आमच्याकडे एक फुटबॉल क्लब आहे, क्रूस असूल. जिंकत आलेला सामना शेवटच्या क्षणी घालवण्यासाठी प्रसिद्ध. त्यामुळे जवळजवळ झालेलं काम कुणी शेवटी घालवलं की आम्ही त्या क्लबच्या नावाचं क्रियापद वापरतो. क्रूसासुलेआर." थोड्या वेळाने त्याने आणखी एक ओळ टाकली : "माझा क्लब आहे तो. वडिलांचाही."

आपण अशा वेळी हातातोंडाशी आलेला घास गेला म्हणतो. पण आपल्या वाक्प्रचारात कुणाचं नाव नाही. इथे एका अख्ख्या क्लबचं नाव घासासकट भाषेत अडकलंय. रॉयल स्पॅनिश अकादमीला लोकांनी ट्विटरवर या शब्दाबद्दल विचारलं, तर अकादमीने मेक्सिकोत तो बोलीभाषेत रूढ असल्याचं सांगून अर्थसुद्धा दिला.

त्या रविवारी झोप काढायची सोडून मी या क्लबबद्दल वाचत बसले. आणि वाचता वाचता जाणवलं की हा शब्द जे सांगतो ते खरं आहे, पण जे सांगत नाही ते त्याहून कितीतरी मोठं आहे.

चुनाभट्टीपासून सहकारी कारखान्यापर्यंत

क्रूस असूल म्हणजे निळा क्रॉस. मुळात हे क्लबचं नाव नाहीच, सिमेंटचा ब्रँड आहे. मेक्सिकोच्या इदाल्गो राज्यात, तुला शहराजवळ हास्सो नावाचं गाव आहे. तिथे १८८१ मध्ये हेन्री गिबन नावाच्या इंग्रज माणसाने चुन्याचा कारखाना सुरू केला. पुढे तिथे सिमेंट बनू लागलं. कामगारांमध्ये बेसबॉल लोकप्रिय होता, पण फुटबॉलवाल्यांनी जोर लावला आणि २२ मे १९२७ रोजी कारखान्याचा फुटबॉल क्लब स्थापन झाला. म्हणजे पाळी संपली की मैदानावर उतरणाऱ्या लोकांचा संघ.

चारच वर्षांनी कारखान्यावरच संकट आलं. तोल्तेका या प्रतिस्पर्धी सिमेंट कंपनीने १९३१ मध्ये तो विकत घेतला. हेतू उघड होता : घ्यायचा आणि बंद करून टाकायचा. कामगार अडून बसले. कायदेशीर लढाई झाली आणि अखेर राज्य सरकारने कारखाना ताब्यात घेऊन कामगारांना चालवायला दिला. १९३४ मध्ये कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. सहकारी कारखाना म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ऊस येतो, इथे सिमेंट होतं. कालपर्यंतचे मजूर आज सभासद झाले, आणि त्यांचा फुटबॉल संघही त्यांच्याच मालकीचा झाला.

१९५३ पासून गिलेर्मो आल्वारेस मासियास यांनी या संस्थेचा कारभार पाहिला. त्यांच्या काळात कारखान्याभोवती घरं, शाळा, दवाखाना असं गाव वसत गेलं. त्या गावाचं नावच आता 'सिउदाद कोऑपेरातिवा क्रूस असूल' आहे, म्हणजे क्रूस असूल सहकारनगर. फुटबॉल हा या सगळ्याचा एक भाग होता. हौशी सामने खेळणारा संघ व्यावसायिक झाला, दुसऱ्या श्रेणीत आला, आणि १९६४ मध्ये मेक्सिकोच्या पहिल्या श्रेणीत पोचला.

प्रतिस्पर्धी त्यांना 'सेमेंतेरोस' म्हणायचे, म्हणजे सिमेंटवाले. त्यांनी ते नाव अभिमानाने लावून घेतलं.

बारा वर्षांत सात विजेतेपदं

यानंतर जे झालं ते क्रियापद वापरणाऱ्या आजच्या पोरांना फारसं आठवत नाही. प्रशिक्षक राऊल कार्देनास यांच्या हाताखाली १९६८-६९ च्या हंगामात क्रूस असूलने लीग जिंकली, देशाचा कप जिंकला, आणि उत्तर व मध्य अमेरिकेतल्या क्लबांची कॉन्ककॅफ स्पर्धाही जिंकली. पहिल्या श्रेणीत येऊन पाचच वर्षं झाली होती.

१९७० मध्ये दुसरं विजेतेपद. १९७१ मध्ये क्लब हास्सो सोडून राजधानीत, अस्तेका स्टेडियमवर खेळायला गेला. हे स्टेडियम टीव्ही कंपनीचं. ही कंपनी, म्हणजे पुढची तेलेविसा, क्लब अमेरिकाचीही मालक. (क्लब अमेरिका हा मेक्सिको सिटीतलाच क्लब. अमेरिका देशाशी त्याचा संबंध नाही.) म्हणजे पैसा, कॅमेरे, मैदान सगळं एकाकडे, आणि समोर सिमेंट कामगारांचा संघ त्याच्याच घरात भाडेकरू. जुलै १९७२ मध्ये दोघे लीगच्या फायनलला समोरासमोर आले. क्रूस असूलने क्लब अमेरिकाला ४-१ असं हरवलं.

पुढची दोन्ही वर्षं पुन्हा तेच विजेते, म्हणजे सलग तीन. गोलमध्ये अर्जेंटिनाहून आलेला मिगेल मारीन असायचा, लोक त्याला सुपरमॅन म्हणत. बचावात चिलीचा आल्बेर्तो किन्तानो. संघ इतका लयीत खेळायचा की 'ला माकिना', म्हणजे यंत्र किंवा इंजिन, हे नाव पडलं. आजही स्टेडियममध्ये तेच नाव ऐकू येतं. १९७८-७९ आणि १९७९-८० या हंगामांत इग्नासियो त्रेयेस यांनी आणखी दोन विजेतेपदं मिळवून दिली. १९६९ ते १९८० या बारा वर्षांत एकूण सात.

याच सुपरमॅन मारीनचा एक किस्सा मेक्सिकोत अजून सांगतात. अटलांटेविरुद्धच्या सामन्यात त्याने चेंडू सहकाऱ्याकडे फेकायला हात उचलला, ऐनवेळी विचार बदलला, आणि हातातून निसटलेला चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला. तेव्हा कुणी त्याचं क्रियापद केलं नाही. जिंकणाऱ्या संघाची चूक गंमत म्हणून लक्षात राहते.

रक्त आणि पेनल्टी

१९८० नंतर दुष्काळ सुरू झाला. चार फायनल हरल्या. मग १९९७ चा हिवाळी हंगाम आला.

इथे मेक्सिकन लीगची पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. वर्षात दोन स्वतंत्र स्पर्धा होतात. प्रत्येक स्पर्धेत आधी गुणतक्ता, मग वरच्या संघांची बाद फेरी. बाद फेरीत प्रत्येक लढत दोन सामन्यांची, एक इथे, एक तिथे, आणि दोन्हीकडचे गोल मिळून निकाल. चार-पाच महिने तुम्ही सगळ्यांना हरवलंत तरी शेवटच्या आठवड्यात एक वाईट रात्र पुरते. आयपीएल बघणाऱ्यांना हे दुखणं समजावून सांगायला नको.

७ डिसेंबर १९९७, फायनलचा दुसरा सामना लिओनच्या मैदानावर. पहिला क्रूस असूलने १-० जिंकलेला, इथे लिओनने बरोबरी साधली. जादा वेळ सुरू झाला. जो आधी गोल करेल तो जिंकला, असा तेव्हा गोल्डन गोलचा नियम होता. लिओनचा गोलकीपर कोमिसो याने क्रूस असूलच्या कार्लोस एर्मोसियोच्या तोंडावर लाथ मारली. पेनल्टी मिळाली. एर्मोसियोच्या चेहऱ्यावरून रक्त ओघळत होतं, आणि तशाच अवस्थेत त्याने स्वतः पेनल्टी घेतली. गोल. आठवं विजेतेपद.

ही साडेतेवीस वर्षांसाठी शेवटची लीग ठरेल असं त्या रात्री कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

क्रियापद कसं घडलं

१९९९ मध्ये पाचुकाविरुद्ध फायनल. पुन्हा जादा वेळ, पुन्हा गोल्डन गोल, पण या वेळी पाचुकाचा, तोही क्रूस असूलच्या घरच्या मैदानावर.

२००१ मध्ये कोपा लिबेर्तादोरेस या दक्षिण अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या फायनलला पोचणारा क्रूस असूल हा पहिला मेक्सिकन क्लब ठरला. समोर बोका ज्युनियर्स. पहिला सामना अस्तेकावर ०-१ हरले. दुसरा ब्यूनोस आयर्सला, बोकाच्या ज्या मैदानावर भल्याभल्यांचे पाय लटपटतात तिथे. तिथे पालेन्सियाच्या गोलवर १-० जिंकले. आणि पेनल्टी शूटआउटमध्ये हरले.

२००८ मध्ये एकाच वर्षात दोन फायनल : एक सांतोसकडून हरले, दुसरी तोलुकाकडून पेनल्टींवर. २००९ ला माँतेरेकडून.

मग २६ मे २०१३. अस्तेका स्टेडियम, मुसळधार पाऊस, समोर क्लब अमेरिका. पहिला सामना १-० जिंकलेला. दुसऱ्यात पंधरा मिनिटांच्या आतच क्लब अमेरिकाचा एक खेळाडू रेड कार्ड घेऊन बाहेर गेला. लगेच क्रूस असूलच्या तेओफिलो गुतिएरेसने गोल केला. एकूण २-०, समोर दहा माणसं. ८८ मिनिटं होत आली तरी हाच आकडा. मग एका कॉर्नरवर मोस्केराने हेडर मारला, २-१. भरपाईच्या वेळेत आणखी एक कॉर्नर. क्लब अमेरिकाचा गोलकीपर मोइसेस मुन्योस स्वतःचा गोल मोकळा टाकून पुढे धावत आला आणि त्याने झेप घेऊन चेंडूला डोकं लावलं. चेंडू बचावपटूला लागून जाळ्यात. जादा वेळ, पेनल्टी, हार.

मी हा व्हिडिओ किमान दहा वेळा पाहिलाय. दर वेळी वाटतं, या वेळी कुणीतरी तो कॉर्नर अडवेल.

२०१८ ला पुन्हा क्लब अमेरिकाकडूनच फायनलमध्ये ०-२. आणि ज्या आठवड्यात माझा सहकारी तो शब्द टाइप करत होता, त्याच्या सहाच दिवस आधी, ६ डिसेंबर २०२० ला, कडेलोट झाला. सेमीफायनलच्या पहिल्या सामन्यात क्रूस असूलने पुमासला ४-० हरवलं होतं. पुमास हा मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाचा क्लब. दुसऱ्या सामन्यात, विद्यापीठाच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर, पुमासने ४-० अशी परतफेड केली. गुणतक्त्यात वरच्या क्रमांकावर असल्याने पुमास पुढे गेले.

आता त्याचा शब्द मला नीट कळला. तो आमच्या रिलीजबद्दल बोलत होताच, पण जखमही ताजी होती.

कामगारांचा क्लब कुणाचा?

याच वर्षी मैदानाबाहेर त्याहून मोठी पडझड झाली. आल्वारेस मासियास यांचे पुत्र गिलेर्मो ऊर्फ बिली आल्वारेस १९८८ पासून संस्थेचे आणि क्लबचे प्रमुख होते. जुलै २०२० मध्ये संघटित गुन्हेगारी आणि काळा पैसा पांढरा करण्याच्या आरोपांवरून त्यांच्याविरुद्ध अटक वॉरंट निघालं. ते बेपत्ता झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांना अटक झाली. आरोपांचं काय होईल ते न्यायालय ठरवेल. पण कामगारांनी लढून मिळवलेल्या संस्थेची सूत्रं बापाच्या नावानंतर लेकाकडे जाऊन तीन दशकं तिथेच राहिली, हे पाहताना मेक्सिको फार लांबचा देश वाटत नाही.

क्रियापदाने हेही झाकलं. मैदानावरच्या शेवटच्या पाच मिनिटांवर सगळा देश हसला. सभासदांच्या संस्थेत सभासदांचा आवाज किती उरलाय, हा प्रश्न त्या मानाने कमी लोकांनी विचारला.

नववं

जानेवारी २०२१ मध्ये प्रशिक्षक म्हणून आला पेरूचा हुआन रेनोसो, १९९७ च्या विजेत्या संघात बचावात खेळलेला. त्याच्या संघाने लीगमध्ये सलग १२ सामने जिंकले. माझा सहकारी मात्र म्हणायचा, "अजून बाद फेरी आहे."

फायनल सांतोसविरुद्ध. पहिला सामना लुईस रोमोच्या गोलवर १-०. ३० मे २०२१, अस्तेका, दुसरा सामना. सांतोसने आधी गोल केला, एकूण १-१. सगळ्या देशाच्या ओठांवर तोच शब्द आला असणार. उत्तरार्धात जोनाथन रोद्रिगेसने बरोबरीचा गोल केला, एकूण २-१, आणि उरलेली जवळपास चाळीस मिनिटं काही घडलं नाही. काहीही न घडणं इतकं सुंदर असू शकतं हे मला त्या दिवशी कळलं. ट्रॉफी उचलली कर्णधार, गोलकीपर होसे दे हेसूस कोरोनाने. २०१३ च्या त्या पावसात मुन्योसचा हेडर ज्याच्या जाळ्यात गेला, तो हाच.

क्रियापद त्यामुळे गेलं नाही. भाषा ट्रॉफी मोजत नाही. १९९७ ते २०२१ दरम्यान हा क्लब लीगच्या सहा फायनल हरला, हे सगळ्यांना पाठ आहे. पण हरायला सहा वेळा तिथवर पोचावं लागतं. मधल्या काळात अनेक क्लब एकदाही पोचले नाहीत, आणि त्यांच्या नावाचं क्रियापद झालं नाही.

१ जून २०२५ ला क्रूस असूल कॉन्ककॅफ चॅम्पियन्स कपची फायनल खेळला, कॅनडाच्या व्हँकुव्हरविरुद्ध. मैदान होतं विद्यापीठाचं ऑलिम्पिक स्टेडियम, जिथे २०२० मध्ये चार गोल खाल्ले होते तेच. या वेळी क्रूस असूल ५-० जिंकला. त्या स्पर्धेतलं सातवं विजेतेपद, क्लब अमेरिकाच्या विक्रमाशी बरोबरी.

आम्ही दोघांनीही एव्हाना नोकऱ्या बदलल्या होत्या. मी त्याला अभिनंदनाचा मेसेज केला आणि विचारलं, पाचवा गोल झाल्यावर काय केलंस?

उत्तर आलं, "काही नाही. शिट्टी वाजेपर्यंत खुर्चीतून उठलो नाही. बाबाही नाही उठले."