टोरक्रॉस येथील रणगाडा स्मारक

टोरक्रॉस येथील रणगाडा स्मारक हे इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, स्लॅप्टन सँड्स या समुद्रकिनाऱ्यावर असलेले युद्धस्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातील ‘टायगर’ या युद्धसरावात प्राण गमावलेल्या अमेरिकी सैनिक व खलाशांच्या स्मरणार्थ ते उभारले आहे. समुद्रतळातून काढलेला शर्मन जातीचा रणगाडा हाच या स्मारकाचा मुख्य भाग होय.

पार्श्वभूमी

फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याची योजना दोस्त राष्ट्रांनी आखली होती. तेथील ‘युटा’ किनाऱ्याशी साम्य असल्यामुळे स्लॅप्टनचा किनारा सरावासाठी निवडण्यात आला. त्यासाठी १९४३ च्या अखेरीस परिसरातील सुमारे ३,००० रहिवाशांना घरेदारे, शेती व गुरे यांची व्यवस्था लावून गाव सोडावे लागले.

दुर्घटना

२८ एप्रिल १९४४ च्या पहाटे आठ रणगाडावाहू जहाजांचा ताफा लाइम उपसागरातून किनाऱ्याकडे येत होता. संरक्षणासाठी नेमलेल्या दोन युद्धनौकांपैकी एक टक्कर होऊन नादुरुस्त झाल्याने बंदरातच राहिली. ‘अझेलिया’ ही एकटीच ताफ्यासोबत होती. शेरबूर बंदरातून निघालेल्या नऊ जर्मन वेगवान नौकांनी टॉर्पेडोंचा मारा केला. दोन जहाजे बुडाली, तिसऱ्याची मोठी हानी झाली. एकूण ७४९ जण मृत्युमुखी पडले, असे सामान्यतः मानले जाते.

शत्रूच्या हल्ल्याइतक्याच व्यवस्थेतील त्रुटीही या जीवितहानीस कारणीभूत ठरल्या. आदेशपत्रातील चुकीमुळे जहाजे व ब्रिटिश नौदल मुख्यालय वेगवेगळ्या रेडिओ कंप्रतेवर होते. त्यामुळे इशारा ताफ्यापर्यंत पोहोचला नाही. जीवरक्षक पट्टे वापरण्याचे पुरेसे शिक्षण न मिळाल्याने अनेकांनी ते काखेखाली न बांधता कमरेला बांधले. पाठीवरील ओझ्यामुळे ते पाण्यात उलटे झाले व बुडाले. पुढे संदेशवहन, पट्ट्यांचा वापर आणि बुडणाऱ्यांच्या बचावाची व्यवस्था यांत सुधारणा करण्यात आल्या.

मौन आणि स्मृती

चढाईचे गुपित फुटू नये म्हणून वाचलेल्यांना याविषयी बोलण्यास सक्त मनाई होती. ऑगस्ट १९४४ मध्ये अधिकृत माहिती प्रसिद्ध झाली खरी; परंतु नॉर्मंडीच्या लढाईच्या बातम्यांत ती झाकोळून गेली. १९५४ मध्ये अमेरिकी सैन्याने स्लॅप्टन सँड्स येथे एक शिलास्तंभ उभारला. मात्र त्यावर गावे रिकामी करून देणाऱ्या रहिवाशांचे आभार आहेत. मृत सैनिकांचा उल्लेख नाही.

स्मारकाची उभारणी

टोरक्रॉसचे रहिवासी केन स्मॉल यांना १९७० च्या दशकाच्या प्रारंभी किनाऱ्यावर सैनिकी वस्तू सापडू लागल्या. स्थानिक कोळ्यांकडून त्यांना समुद्रतळावरील एका मोठ्या वस्तूची माहिती मिळाली. तो सरावाच्या काळात बुडालेला रणगाडा होता. १९७४ मध्ये स्मॉल यांनी अमेरिकी सरकारकडून तो ५० डॉलरांना विकत घेतला. मे १९८४ मध्ये तो वर काढण्यात येऊन टोरक्रॉस येथे उभा करण्यात आला. १९८७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या संमतीने तेथे स्मृतिफलक बसविण्यात आला. स्मॉल यांचे २००४ मध्ये निधन झाले.

मृतांपैकी अनेकांची थडगी वा नावे केंब्रिजजवळील अमेरिकी दफनभूमीत आहेत. ज्या किनाऱ्याच्या समुद्रात हे सैनिक गेले, तेथे त्यांचे स्मरण करणारे ठळक चिन्ह उभे राहण्यास मात्र ४० वर्षे लागली.