काचेवरचा कागद

अमेरिकेत नवी गाडी बघायला गेलात की मागच्या खिडकीवर एक मोठा कागद चिकटवलेला दिसतो. मूळ किंमत, जादा सोयींची किंमत, कारखान्यापासून दुकानापर्यंत गाडी आणण्याचा खर्च आणि खाली बेरीज. आपल्याकडच्या एमआरपीची सवय असलेल्या माणसाला हा कागद पाहून हायसं वाटतं. मलाही वाटलं होतं. शिकागोला पोस्टडॉकसाठी आले त्या वर्षीच्या डिसेंबरात मी पहिली छोटी गाडी घेतली, आणि कागदावरच्या बेरजेतून पाचशे डॉलर कमी करून घेतले म्हणून घरी फोन करून फुशारकीही मारली. ती बेरीज म्हणजे भाव नव्हे, हे पुढे कळलं. माझा विषय आर्थिक इतिहास आहे, त्यामुळे जखम जरा खोल गेली.

या कागदाला मोनरोनी स्टिकर म्हणतात. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मोनरोनी यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये कायदा झाला, त्यातून तो आला. त्याआधी विक्रेते गाडीची 'छापील' किंमत मनाला येईल तशी फुगवत आणि मग तुमच्या जुन्या गाडीला घसघशीत भाव देऊन तुम्हाला खूश करत. एका खिशातून काढायचं, दुसऱ्यात घालायचं. कायद्याने ही फुगवाफुगवी थांबवली, पण कागदावरची किंमत निर्मात्याने 'सुचवलेली' आहे. विक्रेत्याने तेवढ्यालाच विकावी असं तो कायदा म्हणत नाही, कमीलाही नाही आणि जास्तीलाही नाही.

पण मुळात अमेरिकेत सगळीकडे एक दर असताना गाडीच्याच दुकानात घासाघीस का उरली? फिलाडेल्फियाच्या जॉन वॉनामेकरसारख्या दुकानदारांनी एकोणिसाव्या शतकातच वस्तूंवर किमतीच्या चिठ्ठ्या लावल्या. त्याच्याही दोनशे वर्षं आधी इंग्लंडमधले क्वेकर घासाघीस म्हणजे खोटं बोलणं मानून एकच भाव सांगत. हेन्री फोर्डच्या मॉडेल टीचीही किंमत जाहीर असे. १९०८ मध्ये ८५० डॉलर असलेली ती गाडी विशीच्या दशकाच्या मध्यावर ३०० च्या आत आली होती. गडबड त्याच सुमारास झाली. पहिली गाडी घेणारे संपत आले आणि गिऱ्हाईक जुनी गाडी घेऊन दारात येऊ लागलं. जुन्या गाडीचा भाव कोण ठरवणार? स्टीव्हन गेल्बर या इतिहासकाराचं २००८ चं पुस्तक हेच सांगतं की घोड्यांच्या बाजारातली रीत गाड्यांच्या बाजारात तशीच उतरली. घोड्याचे दात बघायचे तसे टायर बघायचे. आपल्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो, तो निदान दोघांनाही कळतो. इथे रुमालाखाली एकाचाच हात असतो.

गंमत म्हणजे आपल्या वडिलांच्या पिढीला हे शिकायची वेळच आली नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावायचा. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हाही आधी पैसे भरून वाट बघायची. भाव ठरलेला, गाडीच नाही. घाई असेल तर ज्याचा नंबर लागला त्याला वर पैसे द्यायचे. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारे आपण मोटारीच्या दुकानात म्हणूनच गप्प बसतो, असं माझं मत आहे.

आणि गप्प बसण्याची किंमत मोजली गेली आहे. इयन एअर्स आणि पीटर सीगलमन यांनी शिकागो परिसरातल्या दीडशेवर विक्रेत्यांकडे प्रशिक्षित माणसं पाठवली: सारखे कपडे, सारखी भाषा, सौद्याची पढवलेली एकच पद्धत. १९९५ मध्ये निष्कर्ष छापून आले. गोऱ्या पुरुषांना मिळालेल्या शेवटच्या भावापेक्षा गोऱ्या स्त्रियांना सरासरी ९२ डॉलर जास्त सांगितले गेले, कृष्णवर्णीय स्त्रियांना ४१०, आणि कृष्णवर्णीय पुरुषांना सुमारे ११००. आपण त्या अभ्यासात नव्हतो. व्हिसावर आलेली, उच्चार वेगळा असलेली, क्रेडिटचा इतिहास शून्य असलेली बाई कुठल्या रकान्यात बसली असती, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे.

माझ्या बाबतीत सौदा किमतीवर झालाच नाही. "महिन्याला किती जमेल?" एवढंच विचारलं गेलं. हा प्रश्न फार जुना आहे. जनरल मोटर्सने हप्त्यांसाठी स्वतःची वित्तकंपनी १९१९ मध्येच काढली. त्याची जादू एका हिशोबात बघा. १८,००० डॉलरचं कर्ज, ६ टक्के व्याज, ६० महिने: हप्ता साधारण ३४८. आता कर्ज १९,५०० करा आणि मुदत ७२ महिने: हप्ता ३२३. हप्ता २५ डॉलरने उतरला म्हणून तुम्ही आभार मानता, आणि एकूण जवळजवळ २,४०० डॉलर जास्त भरता. माझे पाचशे याच वाटेने परत गेले, येताना भावंडंही घेऊन गेले.

एकच भाव लावायचा प्रयोगही झाला. जनरल मोटर्सच्याच सॅटर्नने १९९० पासून छोट्या गाड्या घासाघीस न करता विकल्या. लोकांना ते आवडलंही, पण २०१० पर्यंत ती कंपनी मिटली. जास्त फरक पडला तो इंटरनेटने. फियोना स्कॉट मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दुकानात सुमारे दोन टक्के जास्त भरणाऱ्या कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक ग्राहकांचा तो भुर्दंड ऑनलाइन भाव मागवला की जवळजवळ नाहीसा होतो. पलीकडच्याला तुमचा चेहरा दिसत नाही, आणि तुम्ही दुसरीकडेही विचारलंय हे त्याला ठाऊक असतं.

गेल्या वर्षी माझी मावसबहीण इथे आली, तिच्यासाठी गाडी बघायची होती. आम्ही दुकानात गेलोच नाही. चार विक्रेत्यांना एकच ईमेल लिहिली: हे मॉडेल, हा रंग चालेल, कर आणि सगळी फी धरून दारातून बाहेर पडतानाची रक्कम किती? हप्ता, मुदत, जुनी गाडी यातलं काही लिहिलं नाही. तिघांची उत्तरं आली. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त रकमेत ११४० डॉलरचं अंतर होतं. चौथ्याने लिहिलं, "आधी दुकानात या, मग बोलू."