कैचीचे कूळ

कापड कापायचे जे हत्यार मराठी पुस्तकात 'कात्री' म्हणून येते, त्याला आमच्या बहुतेक मुसलमान घरांत 'कैची' म्हणतात. शाळेत गेलो की आपल्याला कळते, पुस्तकातला शब्द कात्री आहे. मग मनात एक गाठ बसते : कात्री त्यांची, कैची आपली. त्यापुढची पायरी अशी की कात्री मराठी आणि कैची परकी. ही समजूत कितपत खरी आहे, ते शब्दांचे कूळ काढून पाहिले पाहिजे.

कात्री हा शब्द संस्कृत 'कर्तरी'वरून आला. मूळ धातू 'कृत्', म्हणजे कापणे. वर्तमानपत्राचे कात्रण याच घराण्यातले. पण दिसायला सारखे ते सगळे सगे नसतात. सूत 'कातणे' याच्या मुळाशीही 'कृत्' आहे, मात्र तो धातू वेगळा, त्याचा अर्थ सूत काढणे. 'कातर मन' यातला कातर म्हणजे भ्यालेला, त्याचा कात्रीशी संबंध नाही. मुळशीच्या डोंगरात राहणाऱ्या कातकऱ्यांच्या नावातला कात हा खैराच्या झाडाचा.

कैची हा शब्द तुर्की कुळातला. मध्य आशियातल्या तुर्की भाषांतून तो फारसीत गेला आणि फारसीबरोबर हिंदुस्थानात आला. उझबेक आणि अझरबैजानी लोक आजही थोड्या फरकाने हाच शब्द वापरतात. गंमत अशी की, इस्तंबूलच्या तुर्कीत मात्र आज कात्रीला 'मकास' म्हणतात आणि तो शब्द अरबी 'मिकस्स'वरून घेतलेला आहे. म्हणजे तुर्कांनी अरबी शब्द घरात घेतला आणि त्यांचा स्वतःचा शब्द आमच्या आजीच्या शिवणाच्या डब्यात येऊन राहिला. शब्दांना धर्म नसतो, आणि वतनही कायमचे नसते.

आता हा शब्द आमच्यापुरता उरला आहे काय? मुळशी तालुक्यात जाऊन पाहावे. ताम्हिणीकडचा पाऊस पुण्याच्या पावसासारखा नाही, तो कोसळतो. तिथले जुने घर उभे राहते ते उतरत्या छपराच्या बळावर. दोन तिरकी लाकडे आढ्यापाशी एकमेकांना भिडवून खाली तुळईने बांधतात. या जोडणीला सुतार कैची म्हणतो. कौलांचे आणि पावसाचे वजन कैची दोन्ही भिंतींवर वाटून देते. लाकूड जाऊन लोखंडी अँगल आले तरी नाव कैचीच राहिले. तालमीत पायांची कैची घालून गड्याला जखडणारा पैलवान, दोन्हीकडून अडचण आली म्हणजे 'कैचीत सापडलो' म्हणणारा शेतकरी, यांतल्या कोणालाही आपण तुर्की बोलतो असे वाटत नाही. जो शब्द कापतो, तोच छपरात जोडतो आणि आखाड्यात धरून ठेवतो. शब्द इतक्या कामांना लागला, की तो पाहुणा राहत नाही.

शिवणकामाच्या साऱ्या घरातच ही सरमिसळ आहे. अस्तर फारसी, रफू फारसी, खिशामागे फारसी 'कीसा', दर्जीमागे फारसी 'दर्ज' म्हणजे शिवण. काज पोर्तुगीजांच्या 'काझा' म्हणजे घर या शब्दावरून आले, फीतही त्यांचीच. सुई मात्र संस्कृत 'सूची'ची लेक. हे सगळे एका सदऱ्यात एकत्र शिवले जातात आणि सदऱ्याचे नावही अरबी 'सद्र' म्हणजे छाती, यावरून पडलेले.

संतांनाही या हत्यारांची ओळख होती. नामदेव शिंपी कुळातले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांच्या नावाने असलेल्या एका पदात गज, कात्री, सुई आणि दोरा यांची रूपके करून नामस्मरण सांगितले आहे. यातला गज फारसी. त्याच ग्रंथात बाबा फरीद यांची वाणी आहे. त्यांच्याविषयी एक कथा सांगतात : कोणी तरी त्यांना कैची भेट दिली, तेव्हा त्यांनी सुई मागितली, कारण त्यांचे काम कापण्याचे नव्हे, जोडण्याचे होते. पण कैचीवाचून सुईला काम कुठले? आमच्या कफनाला शिवण नसते, तिथे कैचीच पुरते. जगणाऱ्याच्या कपड्याला मात्र दोन्ही लागतात.

भाषेवर कैची चालवण्याचे प्रयत्न जुने आहेत. शिवाजी महाराजांच्या काळी राज्यव्यवहारकोश तयार झाला. दरबारी फारसी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. नव्या राज्याला स्वतःची राज्यभाषा हवी होती, त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ उभारली. माधव जूलियन यांनी 1925 मध्ये फार्शी-मराठी कोश केला आणि पुढे तेही भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. या चळवळींनी मराठीला काही चांगले शब्द दिले. पण रोजच्या कामाचे शब्द कोणाच्या हुकमाने गेले नाहीत.

याची साक्ष मुळशीच देते. टाटांच्या वीज कंपनीच्या धरणासाठी मावळातली गावे पाण्याखाली जाणार होती. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्याचे पुढारी झाले आणि त्यासाठी त्यांनी तुरुंग भोगला. कूळ खरोखर कैचीत सापडले होते : एकीकडे 1894 चा भूसंपादन कायदा आणि कंपनी, दुसरीकडे पुण्याचे सावकार. त्यांच्याकडे जमिनी होत्या आणि मोबदल्यावर नजर होती. लढा हरला. पुढच्या काही वर्षांत धरण पुरे झाले, कैच्यांवर उभी असलेली घरे बुडाली आणि ते पाणी आज डोंगराखाली कोकणात भिरा येथे वीज करते.

त्या लढ्याची घोषणा होती 'जान किंवा जमीन'. जान फारसी, जमीन फारसी, मधला 'किंवा' तेवढा संस्कृताकडून आलेला. सगळे जाण्याची वेळ आली तेव्हा मावळ्याच्या तोंडी हे शब्द आले. ते कुठल्या कोशातून शोधून आणलेले नव्हते, त्याच्या बापजाद्यांच्या बोलीतले होते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. आमच्या मुलाने निबंधात 'कैची' लिहिले तर त्याखाली लाल रेघ ओढू नये. त्यानेही कात्रीला परके मानू नये. दोन्ही शब्द एकाच मराठीचे आहेत. मराठीचे छप्परही कैचीसारखेच आहे : दोन लाकडे वेगवेगळ्या बाजूंनी येतात आणि आढ्यापाशी भिडतात. त्यातले एक काढले तर दुसऱ्याला उभे राहता येत नाही.